उकिडवं बसणाऱ्यांचा गुडघा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसांना गुडघेबदल मानवत नाही, असं एक मत आमच्या भागात शहाणपण म्हणून फिरत असतं. नागपूरच्या हाडांच्या ओपीडीत ते ऐकू येतं, सरकारी बैठकींच्या चहापानात ऐकू येतं, आणि आता गावातली शिकलेली पोरंही आपल्याच आजीबद्दल तसं बोलू लागली आहेत. या बाया बांधीत उतरून धानाचा रोवणा करणार, मोहफुलं वेचायला उकिडव्या बसणार, संडासलाही तशाच बसणार. व्यायाम करणार नाहीत, टाके काढले की पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. मग एवढा महागाचा सांधा त्यांच्या पायात घालून काय उपयोग? त्यापेक्षा मलेरिया बघा, रक्तक्षय बघा, कुपोषण बघा.

हे बोलणारे वाईट लोक नाहीत. त्यांतल्या काही सर्जननी स्वतः मन लावून केलेलं ऑपरेशन चार महिन्यांनी आखडलेला पाय होऊन परत आलेलं पाहिलं आहे, आणि त्यांची हळहळ खरी आहे. पण हळहळीतून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल तर तो चुकीचाच, आणि इथे त्या निष्कर्षाची किंमत हजारो म्हाताऱ्या बायांना रोज उठता-बसता मोजावी लागते. म्हणून त्याचं एकेक कलम घेऊन उत्तर दिलं पाहिजे.

त्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. गुडघेबदल म्हटलं की अख्खा सांधा काढून नवा बसवतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक आठ-दहा मिलिमीटर छाटतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या टोकावर धातूची बैठक, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीन या कडक प्लास्टिकची चकती. बंडीचं चाक तेच राहतं, वर नवी लोखंडी धाव चढते, तसा हा प्रकार आहे. बाजूचे बंध, मांडीचे स्नायू, कातडी, सगळं रुग्णाचं आपलंच. चांगल्या रीतीने सुधारलेला असा गुडघा ११० ते १२० अंश वाकतो. चालायला, जिना चढायला, खुर्चीवरून उठायला तेवढं पुरतं. पूर्ण उकिडवं बसायला १३० अंशांच्याही पुढे वाकावं लागतं आणि तेव्हा त्या चकतीच्या मागच्या कडेवर भार पडतो. जास्त वाकणारे सांधेही निघाले आहेत, पण उकिडवं बसून दिवसभर काम करा असं ते बसवणारा कोणताही डॉक्टर सांगणार नाही. तेव्हा गुडघा बदललेल्या बाईने रोवण्याला जाऊ नये आणि तेंदूपत्त्याच्या पुडक्यांसाठी जमिनीवर बसू नये, हे बरोबर आहे. यात वाद नाही.

वाद पुढच्या पायरीवर आहे. उकिडवं बसता येणार नाही, म्हणून ऑपरेशन व्यर्थ, हे कुठल्या हिशेबाने ठरलं? त्या बाईला गुडघा कशासाठी हवा आहे, हे कुणी तिला विचारलं का? मी ज्या ज्या म्हाताऱ्यांशी बोललो त्यांतली एकही ‘मला पुन्हा रोवणा करायचा आहे’ म्हणाली नाही. त्या म्हणतात, रात्री टोंगळ्याच्या, म्हणजे गुडघ्याच्या, ठणक्याने झोप येत नाही. म्हणतात, बोअरिंगपर्यंत जाऊन एक गुंड पाणी आणता आलं पाहिजे, सुनेला किती सांगायचं. एकीला फक्त आपल्या लेकीच्या गावी एसटीने जायचं होतं, बसची पहिली पायरी चढत नव्हती. दुसरीला दिवाळीनंतर वडशाकडची झाडीपट्टीची नाटकं पाहायची होती. रात्रभर मंडपात खाली बसणं जमणार नाही हे तिला माहीत होतं, ती प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन जायला तयार होती. यांतल्या एकाही मागणीला १२० अंशांपेक्षा जास्त वाकणारा गुडघा लागत नाही.

आणि ज्या मोजक्या जणींना रानात जावंच लागतं, त्यांचाही विचार करा. मार्च-एप्रिलात मोह, मे महिन्यात तेंदू. नेमक्या याच दिवसांत सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात. तिथे बाया घोळक्याने जातात आणि घोळक्याने परततात. टोंगळा धरून मागे राहणारी बाई त्या घोळक्याच्या बाहेर पडते. तिला सरळ पायाने सगळ्यांबरोबर चालता यावं, ही गोष्ट आमच्याकडे चैनीत मोडत नाही.

उकिडवं बसण्याबद्दल आणखी एक. ज्या बैठकीमुळे यांना ऑपरेशन नाकारायचं, त्याच बैठकीने यांचे गुडघे झिजवण्यात हातभार लावला आहे. चीनमध्ये बीजिंगच्या साठीपुढच्या बायांची अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या बायांशी तुलना झाली, तेव्हा बीजिंगच्या बायांच्या गुडघ्यांची झीज जास्त निघाली, आणि तरुणपणी तासन्‌तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध दिसला. आमच्या बायांनी तर त्या बैठकीत धान लावलं आहे, मोह वेचला आहे, वर डोक्यावर मोळी आणि चिखलात पाय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या विंधनविहिरींत फ्लोराइड जास्त आहे, तिथे हाडं आणि सांधे आखडण्याचं दुखणं वेगळंच. ज्या कष्टाने गुडघा गेला तोच कष्ट उपचार नाकारण्याचं कारण म्हणून पुढे करायचा, हे मला अन्यायाचं वाटतं आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं.

आता ‘ऑपरेशन नको’ म्हणजे काय, तेही पाहू. म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा असं चित्र असतं की बाई काठी घेऊन सावकाश चालेल, तेल लावेल, निभेल. प्रत्यक्षात ती आठवडी बाजारातून दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आणते. सकाळी एक, रात्री एक, वर्षानुवर्षं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं खराब होतात, रक्तदाब वाढतो. मधूनच कुणीतरी गावात येऊन गुडघ्यात सुई टोचून जातो. त्या सुईत काय होतं ते कुणाला ठाऊक नसतं. ऑपरेशन वाया जाईल म्हणून घाबरणाऱ्यांनी हा खर्च आणि ही हानी कधी वहीत धरलेली नाही.

मुख्य आरोप मात्र व्यायामाचा आहे. ‘हे लोक व्यायाम करत नाहीत.’ इथे मला राग येतो.

माझ्या मोठ्या आत्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, चौथ्या-पाचव्या दिवशी सुट्टी. हातात इंग्रजीतला कागद. त्यावर चार व्यायामांची नावं छापलेली, तीही वैद्यकीय भाषेतली. घरी आल्यावर दुखत होतं म्हणून तिने टोंगळ्याखाली उशी घेतली. कुणालाही तेच सुचेल, कारण त्याने बरं वाटतं. आणि नेमकी तीच गोष्ट करायची नसते. गुडघ्याखाली उशी घेऊन आठवडेच्या आठवडे काढले की पाय किंचित वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्यायची, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होत जातो. हे एक वाक्य तिच्या भाषेत सांगायला अर्धा मिनिट लागला असता. आज ती चालते, रात्री झोपते, ऑपरेशनबद्दल तक्रार करत नाही. पण पाय पूर्ण सरळ होत नाही. तिच्या फायलीवर कुणीतरी ‘व्यायामात हयगय’ असंच लिहिलं असणार.

आत्याला मराठी वाचता येतं. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया आजीला तर मराठी कागदही परकाच. तिच्यापासून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद व्हायचा, ते आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर वडशाला. अशा ठिकाणाहून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला या म्हणायचं, ती आली नाही की तिला आळशी म्हणायचं, आणि मग त्यावरून साऱ्या मुलखाला सांधेबदल मानवत नाही असा नियम काढायचा.

जिथे खुर्च्या आहेत, कमोड आहेत, फिजिओ दारात येतो, त्या कॅनडातही गुडघा बदललेल्या सुमारे १,७०० जणांना एका वर्षानंतर विचारलं तेव्हा साधारण पाचांतला एक जण समाधानी नव्हता. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे कुणी म्हटलं नाही की कॅनडाच्या लोकांना ऑपरेशन मानवत नाही. तिथे प्रश्न विचारला गेला की आमच्या निवडीत, समजावण्यात, नंतरच्या सेवेत काय कमी पडलं. आमच्या बाबतीत तोच प्रश्न रुग्णाच्या स्वभावावर ढकलला जातो.

शिवाय व्यायामासाठी मोठी संस्थाच लागते, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेली आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. गुडघेबदलानंतर काहींना दहा दिवस पुनर्वसन केंद्रात ठेवून मग घरचा कार्यक्रम दिला, काहींना थेट घरीच देखरेखीखाली व्यायाम दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या चालण्यात फरक नव्हता. म्हणजे खाट, यंत्रं, केंद्र यांच्यापेक्षा कुणीतरी नियमाने बघणारं असणं मोलाचं. आणि व्यायाम तरी काय? मांडीचा स्नायू आवळून धरायचा. खाटेवर टाच सरकवत गुडघा वाकवायचा. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा. वॉकरवरून काठीवर कधी यायचं ते ठरवायचं. पहिल्या दोन आठवड्यांत ९० अंशांच्या जवळ पोचायचं. पोटरी सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर तेल-पाला न लावता आणि गावातल्या सुईवाल्याकडे न जाता सरळ ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला कळवायचं. सातवी-आठवी शिकलेली, हुशार, गावातली बाई हे सगळं शिकू शकते.

शिकू शकते की नाही, हा तर्काचा विषय उरलेला नाही, कारण याहून अवघड गोष्ट याच जिल्ह्यात करून झाली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या नवजात बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखत आणि इंजेक्शनही देत. डॉक्टरशिवाय हे करणं धोक्याचं आहे, अडाणी बायांच्या हातात सुई देता म्हणजे काय, असे आक्षेप तेव्हाही होतेच. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला: नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलं. पुढे ही पद्धत देशाने उचलली आणि आशा ताईंच्या कामात ती आली. ज्या जिल्ह्याने मरणाच्या दारातलं बाळ गावातल्या बाईच्या हाती सोपवून वाचवलं, त्या जिल्ह्यात म्हातारीचा पाय सरळ करायला माणूस मिळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने चातगावजवळच्या, ‘सर्च’च्या शोधग्रामात एक दिवस घालवावा.

‘आधी मलेरिया’ हे कलम राहिलं. मलेरिया आधी हवाच, सिकलसेल आधी हवंच. पण लोकांच्या दुखण्याची ही रांग लावणारे कोण? शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात मणक्याच्या शस्त्रक्रिया होतात, मुंबईचे नामांकित मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथे येऊन करतात. हे कसं घडलं? गावातल्या लोकांना काय दुखतं ते विचारलं, तेव्हा कंबर पुढे आली. कंबरदुखीने कुणी मरत नाही, म्हणून आकडेवारीत ती दिसत नव्हती. ज्याची कंबर धरते त्याच्या घरात चूल धरत नाही, हे लोकांना ठाऊक होतं. गुडघ्याचं तसंच आहे. त्याने जीव जात नाही, माणूस घरात कोंडला जातो.

आणि शहरात ही रांग कुणी लावतं का? तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, उजवा जून २००१ मध्ये. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात आजच्या गुडघ्याचा मूळ आराखडा घडवणाऱ्यांपैकी एक. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी वाजपेयी पंचाहत्तरीत होते. देशभर त्यांच्या पायाची चौकशी झाली, लोकांनी आपल्या आईवडिलांना धीर दिला की बघा, पंतप्रधानांनीही करून घेतलं. ते योग्यच होतं. त्याच वयाच्या कोरचीच्या आजीला मात्र आपला गुडघा मागण्याआधी मलेरियाचा हिशेब द्यावा लागतो.

पैशाचं उत्तर छोटं आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किंमत लावली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपये अधिक कर इथवर खाली आला. पूर्वीची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत गडचिरोली होता; आजच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सांधेबदल आहे. आणि एकदा नीट बसलेला सांधा टिकतो: सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला अंदाज असा की शंभरांतले ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही जागेवर असतात. आमच्या बाईला आज अडवतो तो सांध्याचा खर्च कमी आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी, प्रवास आणि नंतरचे महिने जास्त.

‘मानवत नाही’ या मताच्या उलट टोकावरच्यांशीही मला भांडायचं आहे. फुकट ऑपरेशनचं शिबिर लावून गाडी भरून माणसं नेणारे, फोटो काढणारे आणि पाचव्या दिवशी त्यांना फाट्यावर सोडून देणारे. आखडलेल्या पायांची जी उदाहरणं विरोधक दाखवतात, त्यांचा पुरवठा इथूनच होतो. दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला ऑपरेशन लागतही नाही. डेन्मार्कमध्ये गुडघेबदलासाठी पात्र असलेल्या १०० जणांवर चाचणी झाली, २०१५ साली ती प्रसिद्ध झाली. ऑपरेशन अधिक व्यायाम घेतलेल्यांना नुसत्या व्यायाम-आहार-औषधवाल्यांच्या दुप्पट आराम पडला, हे खरं. पण गंभीर त्रासही ऑपरेशनच्या गटात बरेच जास्त झाले, आणि नुसत्या व्यायामाच्या गटातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना त्या वर्षात ऑपरेशन करावंसं वाटलं नाही. म्हणजे गावात व्यायाम शिकवणारी बाई असेल तर ती ऑपरेशन झालेल्यांना उभं करेल आणि कित्येकांचं ऑपरेशन लांबवेलही. तिच्याशिवाय शिबिर भरवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आमच्या मुलखाच्या दोन गोष्टी तर नागपुरातल्या सर्जनने स्वतः होऊन विचारायलाच हव्यात. एक, सिकलसेल. रक्ताचा हा आनुवंशिक आजार आमच्याकडे बराच आढळतो. रक्त तपासल्याशिवाय मांडीला आवळपट्टा बांधून रक्तपुरवठा थांबवायचा आणि भूल द्यायची, हे अशा रुग्णाला धोक्यात घालणं आहे. दुसरी, हंगाम. धान कापून, मळून घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत ऑपरेशन केलं तर मोहापर्यंत बाईला हाताशी दोन-तीन महिने मिळतात, घरात बघायला माणूस असतो, रस्ते कोरडे असतात. जूनमध्ये केलं तर सगळं घर बांधीत आणि ती एकटी खाटेवर. तारीख देताना हा प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही.

चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे, गडचिरोलीला २०२४ मध्ये सुरू झालं. या दोन संस्थांकडे आमची मागणी साधी आहे. सांधेबदल इथेच करा, आणि सुट्टी देण्याआधी रुग्णाच्या गावातल्या आशा ताईला बोलावून तिच्यासमोर व्यायाम करून घ्या. मराठी, गोंडी आणि माडियात बोललेले छोटे व्हिडिओ तिच्या मोबाइलवर द्या. सुट्टीच्या कागदाबरोबर कमोड खुर्ची आणि वॉकर द्या, कारण घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांची गरज पडते. नवजात बाळासाठी आशा ताई आजही ठरलेल्या दिवशी घरी जाते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. त्या फेऱ्यांचे तिला २५० रुपये मिळतात. गुडघेबदलानंतरचे निर्णायक आठवडेही सहाच, म्हणजे तेच ४२ दिवस. वेळापत्रक तयार आहे, बाई तयार आहे, फिरायची तिला सवय आहे. तिला प्रशिक्षण आणि या फेऱ्यांचा नीट मोबदला, तोही बाळाच्या फेऱ्यांपेक्षा जास्त, एवढं जिल्हा प्रशासनाने मंजूर करायचं आहे, आणि ते येत्या दिवाळीच्या आत करायला हवं, कारण धान घरात आलं की टोंगळे धरून बसलेल्या बाया दवाखान्याच्या दारात येऊ लागतात.